तीन वर्तुळे, रेघोट्या आणि एक फुली : वेन आकृत्या काही महिने वापरल्यानंतर

बँकेच्या आणि राज्यसेवेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना आमच्या गावातल्या अभ्यासिकेत मी ‘विधाने व निष्कर्ष’ शिकवते. दोन विधाने दिलेली असतात, त्यांतून अमुक निष्कर्ष निघतो का ते सांगायचे. मुले याला सरळ सिलॉजिझमच म्हणतात. यासाठी गेले बरेच महिने मी वेन आकृत्या, म्हणजे प्रत्येक गटासाठी एक वर्तुळ काढून निष्कर्ष तपासायची चित्रे, वापरते आहे आणि त्यांच्यावर माझा जीव जडला आहे. मात्र वापरण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते. ती कुणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ मिटवू. वेन आकृती म्हणून सर्रास जे काढले जाते, ती बहुतेक वेळा ऑयलरची वर्तुळे असतात. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने एका जर्मन राजकन्येला लिहिलेली पत्रे १७६८ साली छापून निघाली, त्यांत ही वर्तुळे आहेत. ‘सर्व अ हे ब आहेत’ म्हटले की ब च्या पोटात अ काढायचा. दिसायला सोपे, पण ‘काही’ आले की गाडी अडते, कारण ‘काही अ हे ब आहेत’ याची चित्रे एकाहून अधिक निघतात आणि विद्यार्थी त्यांतले एकच काढतो. जे चित्र हाताला आले तेच खरे मानून तो उत्तर देतो.

उदाहरण घ्या. सर्व शिक्षक पदवीधर आहेत. काही पदवीधर शेतकरी आहेत. म्हणून काही शिक्षक शेतकरी आहेत. ऑयलरच्या पद्धतीने काढताना शेतकऱ्यांचे वर्तुळ शिक्षकांच्या वर्तुळाला छेदून गेले, की ‘निष्कर्ष निघतो’ असे उत्तर आलेच म्हणून समजा. वर्तुळ थोडे बाजूला सरकले असते, तर उत्तर उलटे आले असते.

केंब्रिजच्या जॉन वेन या तर्कशास्त्रज्ञाने १८८० मध्ये याच अडचणीवर उपाय मांडला. तीनही वर्तुळे आधीच एकमेकांत गुंतलेली काढायची, म्हणजे सगळ्या शक्यतांचे कप्पे तयार होतात. बाहेरची मोकळी जागा धरून आठ. मग विधाने एकेक करून नोंदवायची. जो कप्पा रिकामा आहे असे कळते त्यात रेघोट्या मारायच्या, जिथे निदान एक तरी वस्तू आहे असे कळते तिथे फुली मारायची आणि ज्याबद्दल काहीच कळत नाही तो कप्पा कोरा ठेवायचा. या पद्धतीचे खरे बळ कोऱ्या कप्प्यात आहे. ‘माहीत नाही’ हेसुद्धा तिथे कागदावर दिसते.

वरचेच उदाहरण असे काढून पाहा. पहिल्या विधानाने शिक्षकांच्या वर्तुळाचा पदवीधरांबाहेरचा भाग रेघोट्यांनी भरला. दुसऱ्यासाठी फुली मारायला जावे, तर पदवीधर आणि शेतकरी यांच्या सामाईक भागात दोन कप्पे उरतात, एक शिक्षकांतला आणि एक शिक्षकांबाहेरचा. फुली कुठल्या कप्प्यात जाते ते विधान सांगत नाही, म्हणून ती मधल्या रेषेवर बसवायची. रेषेवरची फुली म्हणजे निष्कर्ष सिद्ध होत नाही. हे एकदा नजरेत बसले की मुले पुन्हा त्या जाळ्यात अडकत नाहीत, हे मी वर्गात वारंवार पाहिले आहे. क्रम मात्र पाळायचा. ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’वाली विधाने आधी आणि ‘काही’वाली नंतर, मग ती दिलेल्या यादीत कुठेही असोत. रेघोट्यांनी कप्पे बंद झाले की फुलीला पुष्कळदा एकच जागा उरते.

आता ती ठरवून घ्यायची गोष्ट. ‘विनातिकीट प्रवास करणारे सर्व जण दंडास पात्र आहेत.’ हे विधान खरे ठरायला कुणी विनातिकीट प्रवास केलेला असण्याची गरज नाही. मग त्यावरून ‘दंडास पात्र असलेल्यांपैकी काही जण विनातिकीट प्रवासी आहेत’ असे म्हणता येईल का? वेनच्या आकृतीत येत नाही. ‘सर्व’ने फक्त रेघोट्या पडतात, फुली पडत नाही. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या पारंपरिक तर्कशास्त्रात मात्र येते, कारण तिथे प्रत्येक पदाखाली (पद म्हणजे ‘शिक्षक’, ‘पदवीधर’ असा विधानातला गट) निदान एक वस्तू आहे हे गृहीत धरलेले असते. फरक किरकोळ नाही. तीन विधानांच्या (दोन दिलेली आणि तिसरा निष्कर्ष) मांडणीचे एकूण २५६ प्रकार होतात. परंपरेप्रमाणे त्यांतले २४ ग्राह्य आहेत, वेनच्या वाचनाप्रमाणे फक्त १५. उरलेले ९ या एका गृहीतकावर उभे आहेत.

आपल्याकडच्या परीक्षांच्या उत्तरसूच्या या बाबतीत परंपरेच्या बाजूने असतात. ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘काही ब हे अ आहेत’ हा निष्कर्ष तिथे बरोबर धरला जातो. वेन आकृती जशीच्या तशी वापरणाऱ्या हुशार मुलाचे गुण नेमके इथे जातात, आणि बिचाऱ्याला आपले काय चुकले ते कळतही नाही. मी काढलेला मार्ग असा. रेघोट्या मारून झाल्यावर एखाद्या वर्तुळाचा एकच कप्पा मोकळा उरला, तर तिथे फुली मारून तिच्याभोवती गोल करायचा. गोलातली फुली म्हणजे विधानाने न दिलेली, आपण गृहीत धरलेली. परीक्षेत ती मोजायची. खऱ्या वादात, विशेषतः कायदा किंवा नियमांबद्दल बोलताना, मोजायची नाही.

या प्रश्नामुळे मला न्यायदर्शनाकडे, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राकडे, नव्याने पाहावेसे वाटले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन या अनुमानाच्या पाच अवयवांपैकी ‘उदाहरण’ कशाला हवे, जिथे धूर तिथे अग्नी एवढे पुरेसे नाही का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. तर्कसंग्रह या न्यायदर्शनाच्या प्राथमिक ग्रंथात तिथे स्वयंपाकघराचा दाखला दिला आहे. धूर आणि अग्नी दोन्ही असलेली एक खरी, ओळखीची जागा त्यामुळे दाखवली जाते. माझ्या मते फुलीचे काम तिथे आधीच झालेले असते. नियम पोकळ नाही याची हमी अनुमानाच्या आतच दिलेली आहे.

आकृती ‘निघत नाही’ एवढे दाखवते. का निघत नाही हे समोरच्याला तोंडी सांगायचे, तर व्याप्तीचे जुने नियम लागतात. विधान एखाद्या गटातल्या सगळ्यांबद्दल बोलत असेल, तर ते पद त्यात ‘व्याप्त’ म्हणायचे. सर्व गायी सस्तन आहेत. एकही देवमासा गाय नाही. म्हणून एकही देवमासा सस्तन नाही. दोन्ही विधाने खरी आणि निष्कर्ष धडधडीत खोटा. कारण निष्कर्षात झाडून साऱ्या सस्तन प्राण्यांबद्दल बोलले आहे, पण पहिल्या विधानात सगळ्या सस्तन प्राण्यांबद्दल काहीच सांगितलेले नव्हते. जे पद दिलेल्या विधानात व्याप्त नाही, ते निष्कर्षात व्याप्त करता येत नाही. मधले पद निदान एकदा तरी व्याप्त हवे, हा दुसरा नियम. शिक्षक आणि शेतकऱ्यांच्या उदाहरणात ‘पदवीधर’ एकदाही व्याप्त नव्हते. ‘सगळे मोठे उद्योजक जोखीम घेतात, मीही जोखीम घेतो’ असे भाषण ऐकले की हाच नियम आठवावा. हे दोन नियम पक्के झाले, तर आकृती न काढताही बरेच काही ओळखता येते.

‘बार्बारा, सेलारेंट’ ही ग्राह्य मांडण्या लक्षात ठेवायची मध्ययुगीन लॅटिन सूत्रेही मी शिकले. एकेका नावातले स्वर विधानांचे प्रकार सांगतात आणि व्यंजने ती मांडणी ‘पहिल्या आकृती’त कशी आणायची ते सांगतात (इथे आकृती म्हणजे चित्र नव्हे, मधले पद विधानांत कुठे येते त्यावरून ठरणारा प्रकार). रचना अप्रतिम आहे, अभ्यासाची आवड असेल तर जरूर पाहा. परीक्षेसाठी आवश्यकता नाही.

काय जमत नाही तेही सांगते. ‘वर्गातल्या बहुतेक मुलांकडे सायकल आहे, बहुतेकांकडे मोबाईल आहे, म्हणून काहींकडे दोन्ही आहेत’ हा निष्कर्ष अगदी बरोबर आहे, पण तीन वर्तुळांत तो मांडता येत नाही, कारण ‘बहुतेक’ला तिथे खूणच नाही. ‘घोडा हा प्राणी आहे, म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे’ हेही तसेच. पारंपरिक सिलॉजिझमच्या चौकटीत हे बसत नाही, असा आक्षेप एकोणिसाव्या शतकात डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाने प्रसिद्ध झाला.

बँकेच्या प्रश्नांत चार-पाच पदे एकदम येतात, तिथे तीन वर्तुळे अपुरी पडतात. चार पदांसाठी वेनने स्वतः लंबवर्तुळे सुचवली होती. त्यांचे सोळा कप्पे होतात, आणि घड्याळ समोर असताना ती काढणे कठीणच. म्हणून मी साखळी करते. ज्या दोन विधानांत एक पद सामाईक आहे ती आधी घ्यायची, त्यांचा निष्कर्ष बाजूला लिहायचा, मग तो पुढच्या विधानाशी जोडायचा. एखादी कडी तुटली, म्हणजे फुली रेषेवर बसली, तर त्या वाटेने पुढे जाण्यात अर्थ नाही. अशा वेळी पर्यायांत ‘काही अ हे ब आहेत’ आणि ‘एकही अ हा ब नाही’ ही जोडी शोधा. कप्पा रिकामा तरी असणार किंवा भरलेला तरी, म्हणून ‘दोहोंपैकी एक’ हे उत्तर तिथे बरोबर येते.