तापमान उतरवून दिलं, पेस्ट मात्र जुनीच

डेस्कटॉप तापतो म्हणून दुरुस्तीला दिला की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘पेस्ट बदलू, कूलर साफ करू, होऊन जाईल.’ पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्या मधे लावतात तो उष्णता पुढे नेणारा लेप. मशीन परत घेताना स्क्रीनवर आकडे दाखवतात. आधी ९०च्या वर जात होतं, आता ६५. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं. पुढे कधीतरी लक्षात येतं की व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतोय. कूलर काढून पाहावा तर खाली जुनीच पेस्ट, खडूसारखी वाळलेली.

मग तापमान उतरलं कसं? विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जखाली ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ असतं. ते १००चं ९९ टक्के केलं की टर्बो (जड कामाला प्रोसेसरने आपोआप वाढवलेला वेग) बंद पडतो. एका टक्क्याचा फरक दिसतो, पण कोअर आय-फाइव्ह १२४०० हा ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर २.५च्या बेस स्पीडवर अडकतो. टर्बोत वेगाबरोबर व्होल्टेजही चढतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, त्यामुळे टर्बो गेला की उष्णता धाडकन खाली येते. यात कूलरचं काडीचंही कर्तृत्व नाही. थोडे हुशार लोक हेच बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) करतात, इंटेलवर ‘टर्बो बूस्ट’ आणि एएमडीवर ‘कोअर परफॉर्मन्स बूस्ट’ बंद करून. विंडोजमध्ये शोधून ते सापडत नाही.

पकडायला सोपं आहे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा आणि एखादं जड काम चालू करा. ‘स्पीड’चा आकडा ‘बेस स्पीड’च्या वर जातच नसेल आणि तापमानही मर्यादेपासून लांब असेल, तर टर्बो बंद केलाय असं समजा. पॉवर प्लॅनमधलं ‘रिस्टोअर प्लॅन डिफॉल्ट्स’ दाबा, तरीही फरक पडला नाही तर बायोस तपासा.

वीज मर्यादित ठेवणं हा मुळात वाईट उपाय नाही. पीएल-वन, पीएल-टू (इंटेलच्या वीजमर्यादा) कमी करणं, एएमडीच्या रायझेनवर कमी विजेचा इको मोड लावणं, अंडरव्होल्ट करणं म्हणजे व्होल्टेज थोडं उतरवणं, हे सगळं जाणकार स्वतःहून करतात. पण ते फुकट होतं, आणि इथे बिल पेस्टचं लावलेलं असतं.

भीती घालून कूलर विकणं हा दुसरा धंदा. ‘९५ अंश! प्रोसेसर जळेल!’ रायझेन ७०००च्या बहुतेक एक्स मॉडेल्सना पूर्ण लोडवर ९५पर्यंत जाऊ देणं ही एएमडीचीच रचना आहे. १२४००ची मर्यादा १०० अंश आहे, ती गाठली की तो वेग आपोआप कमी करतो. मात्र रिकाम्या डेस्कटॉपवरच ८०-९० दिसत असेल, तर कूलर नीट बसलेला नाही, लिक्विड कूलरचा पंप बंद आहे किंवा पंखा फिरत नाही. इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरची चारपैकी एक पुशपिन सुटली तरी असं होतं. नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म तशीच राहिली तरी तेच, आणि हे वाटतं त्यापेक्षा खूप वेळा होतं.

पेस्टऐवजी ‘लिक्विड मेटल (पातळ धातू) लावलंय’ असं कोणी सांगितलं तर कूलरचा तळ कोणत्या धातूचा आहे ते आधी विचारा. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम पोखरतं, आणि ते वीजवाहक असल्यामुळे मदरबोर्डवर ओघळलं तर शॉर्ट होतो. घरच्या मशीनला साधी, नावाजलेली पेस्ट पुरते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि मधोमध वाटाण्याएवढा थेंब टाकायचा. एएमडीच्या जुन्या एएम-फोर सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या खाचेवर) कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर चिकटून उपटला जातो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ लोडवर चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, आणि मग कूलर हलके पिळत सोडवा.

मशीन देण्याआधी दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं चाचणीचं सॉफ्टवेअर) चालवून तापमान, गिगाहर्ट्झ आणि पॅकेज पॉवरचे (प्रोसेसर खात असलेल्या विजेचे) वॉट, तिन्ही आकड्यांचा एकत्र फोटो काढून ठेवा. परत घेताना तीच चाचणी तिथेच मागा. वॉट आणि गिगाहर्ट्झ तेवढेच राहून तापमान उतरलं असेल, तरच काम झालंय. साइड पॅनल लावायला लावा, कारण उघड्या केसमध्ये आकडे तसेही कमी दिसू शकतात. एसीच्या खोलीत चाचणी घेतली असेल तर घरचं तापमान जितकं जास्त, साधारण तितके अंश आकड्यात मिळवून पाहा.