वर्ध्याची ओपीडी की नागपूरचा दवाखाना: रजेचा अर्ज लिहिण्याआधी

छातीत धडधड, तळहाताला घाम, आता जातो की काय असं वाटणं, आणि ईसीजी मात्र चांगला. दोनदा असं झाल्यावर आर्वीच्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं. तेही बरोबर निघालं, तेव्हा त्यांनी मनोविकारतज्ज्ञाला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. अशी चिठ्ठी खिशात घेऊन जे पंचायत समितीसारख्या ऑफिसात बसले असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्हीकडे जाऊन आलो.

आधी नागपूरचा खासगी दवाखाना. खोटं कशाला बोलू, बोलायला वेळ तिथंच मिळाला, चांगला पाऊण तास. भीतीचा असा झटका (पॅनिक अटॅक) आला की उठून पळायचं नाही, बसून राहायचं, थोड्या वेळात तो आपसूक उतरतो, हे तिथल्या समुपदेशक बाईंनी माझ्याकडून करून घेतलं. घाबरून मी मीटिंगा टाळत होतो आणि टाळल्यानंच भीती पोसत होती, हेही तिथंच उमगलं. वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयात इतकं निवांत माझ्या वाट्याला तरी आलं नाही. गोळी मात्र दोन्हीकडे एकाच गटातली. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थपणा उलट वाढल्यासारखा वाटतो, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नसते.

तर मग नागपूरच का नाही? रजेमुळे. जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि अर्जावर कारण लिहावं लागतं. पहिल्यांदा सासऱ्यांना आजारी पाडलं, दुसऱ्यांदा मावशीला. पुढच्या महिन्यात साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन जी, सासऱ्याची तब्येत कशी हाये आता?" मला आठवेना, मोतीबिंदू सांगितला होता की मूतखडा. तिथंच घाम फुटला. मग डायरीच्या मागच्या पानावर तक्ता आखला: तारीख, नातेवाईक, आजार. कॅशबुक सांभाळणाऱ्या माणसाला हे आणखी एक रजिस्टर, आणि रात्री झोपेत त्याचाच ताळा जुळेना.

खरं सांगता आलं असतं, मान्य. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, डॉक्टर काही साहेबांना फोन करून सांगत नाहीत. पण अर्ज आवक-जावकच्या टेबलावरून जातो, आणि तिथं काय गुप्त राहतं ते आपल्याला माहीत आहे.

वर्ध्याला तर जिल्हा परिषदेच्या कामानं जावंच लागतं. अहवाल द्यायचा, केसपेपर काढायचा, गोळ्या घ्यायच्या आणि परतीची एसटी धरायची. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून पैसेही लागत नाहीत, पण मला महत्त्वाचं हे, की कोणाला आजारी पाडावं लागत नाही. रांग असते, गर्दी असते. एकदा शेजारच्या तालुक्यातला ओळखीचा ग्रामसेवक रांगेत दिसला. दोघंही बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिलो. नंतर चहा त्यानंच पाजला.

मधल्या रात्रींसाठी टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर आहे, २०२२ पासून. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मला दर वेळी नवा आवाज भेटला आणि गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली, पण रात्री दोनला तेवढाही आधार पुरतो. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र हे पुढे वाचू नका, आधी तो नंबर लावा.

ज्यांचं पोरगं नागपूरला शिकायला आहे, किंवा ज्यांचे साहेब कारण न विचारता सही करतात, त्यांनी खुशाल नागपूर गाठावं. मीही सुरुवातीला दोन-तीन वेळा तिथं जाऊन ते बसून राहण्याचं शिकून घ्या असंच म्हणेन. गोळ्या वर्ध्याहून चालू ठेवता येतात, फक्त नागपूरची चिठ्ठी तिथल्या डॉक्टरांना दाखवा.

माझी पुढची तारीख मंगळवारची आहे. मासिक अहवालही मी मंगळवारीच नेतो म्हणून सांगून ठेवलंय.