टर्मिनेटर २ : दही, बिडाचा तवा आणि वाहतं पोलाद

जेम्स कॅमेरॉनचा 'टर्मिनेटर २: जजमेंट डे' जुलै १९९१ मध्ये आला आणि जो तो बोलू लागला टी-१००० बद्दल. पाऱ्यासारखा ओघळणारा, हवं ते रूप घेणारा, पोलिसाच्या युनिफॉर्ममधला खलनायक. तो भविष्यातून आलेला मारेकरी यंत्रमानव, म्हणजे टर्मिनेटर. त्याच्याविरुद्ध उभा राहणारा जुना टर्मिनेटर म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर. गंमत अशी, की सव्वादोन तासांच्या या सिनेमात संगणकावर घडवलेला टी-१००० दिसतो जेमतेम पाच-सहा मिनिटं. बाकी जे आपण संगणकाची करामत समजून बघतो ते फोम, स्प्रिंगा, बाहुल्या आणि चक्क जुळी माणसं आहेत. या सिनेमाला अजून गंज चढलेला नाही तो या हिशेबीपणामुळे. जे हाताने होण्यासारखं आहे ते हातानेच करायचं, आणि हात टेकले की मगच संगणक.

टी-१००० ला गोळ्या लागतात तेव्हा छातीवर चकाकत्या धातूची फुलं उमलतात, ती नीट बघा. बाहुल्या आणि मुखवटे घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या माणसांनी ती फोम रबरात ओतली, वर धातूचा पातळ मुलामा चढवला आणि स्प्रिंग दाबून, मिटलेल्या अवस्थेत टी-१००० साकारणाऱ्या रॉबर्ट पॅट्रिकच्या शर्टाखाली बसवली. शर्टाला तेवढ्या जागी आधीच चिरा देऊन ठेवलेल्या. खटका सुटला की कापड फाटून फूल फाडकन उघडतं. त्यावर पडतो तो सेटवरचाच उजेड, आणि नटालाही अंगाला हिसका द्यायला नेमका क्षण मिळतो. संगणकाकडे उरतं ते जखम परत मिटवण्याचं काम. उघडणं एकाचं, मिटणं दुसऱ्याचं, आणि मधला सांधा लपवतो तो संकलकाचा कट.

मनोरुग्णालयातला गजांच्या दरवाजाचा प्रसंग मात्र सरळ इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणाम कंपनीच्या संगणकांचा. पॅट्रिकच्या अंगावर चौकटीच्या रेघा आखून त्याची चाल आधी चित्रित केली होती, म्हणून त्या चेहऱ्यामागे खऱ्या माणसाची चाल आहे. तो चेहरा गजांवर पिठाच्या गोळ्यासारखा दबतो, दुभंगतो, पलीकडे पुन्हा जुळतो. आणि मग हातातलं पिस्तूल गजांना अडकून 'खट्' वाजतं. तो मनगट वळवतो, पिस्तूल आडवं करून ओढून घेतो आणि पुढे निघतो. सगळा प्रसंग या एका 'खट्'वर उभा आहे. शरीर वितळतं, पिस्तूल वितळत नाही. ते त्याचं नव्हेच, बाहेरून उचललेलं आहे. एवढ्या एका आवाजाने अशक्य गोष्टीला कायदा लागू होतो.

हा कायदा पटकथेनेही घालून दिला आहे. टी-१००० स्पर्श केलेल्या, आपल्याच आकारमानाच्या वस्तूचं रूप घेऊ शकतो. ज्यात हलणारे भाग आणि रसायनं आहेत ती बंदूक किंवा बॉम्ब त्याला होता येत नाही. सुरी, सळई, आकडा एवढंच जमतं. पुढे दोन तास कॅमेरॉन आणि सहलेखक विल्यम विशर हा नियम मोडत नाहीत. आजच्या महाखलनायकांना दर दहा मिनिटांनी नवी शक्ती फुटते. इथे मर्यादा आधी सांगितलेली असल्यामुळे भीती वाढत जाते.

जुळ्यांचं प्रकरणही बघण्यासारखं. कॉफीच्या यंत्रापाशी पहारेकऱ्यासमोर त्याचीच प्रतिकृती उभी राहते. तिथे खरोखरचे जुळे भाऊ आहेत, डॉन आणि डॅन स्टँटन. फरशीतून वर येणारा आकार तेवढा संगणकाचा. पोलाद कारखान्यात नायिका सारा आणि तिचं रूप घेतलेला टी-१०००, अशा दोन सारा एकत्र दिसतात तिथे सारा साकारणाऱ्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण लेस्ली कामाला आली. सर्वात अफलातून वापर लांबवलेल्या आवृत्तीत आहे. सारा श्वार्झनेगरच्या टर्मिनेटरच्या डोक्यातून चिप काढते आणि समोर आरसा दिसतो. तो आरसा नाहीच, भिंतीला पाडलेलं चौकोनी भोक आहे! अलीकडे लेस्ली आणि श्वार्झनेगरचं नकली डोकं, पलीकडे खरी लिंडा आणि खरा श्वार्झनेगर. दोघी बहिणी एकमेकींच्या हालचाली उलट्या करून जुळवतात. एकदा कळल्यावर पुन्हा बघा, तरी चूक सापडणं कठीण.

पाठलागांतही हीच रीत. काँक्रीटच्या कोरड्या नाल्यातल्या पाठलागात भला मोठा टो ट्रक पुलाखालून जाताना त्याचा टप उडतो. पूल प्रत्यक्षातच ठेंगणा होता, ट्रक मावेना, म्हणून टप उडवण्याची युक्ती आली. अडचण लपवण्यापेक्षा ती गोष्टीतच घेतली. श्वार्झनेगरची हार्ले-डेव्हिडसन फॅट बॉय नाल्यात झेपावते ती केबलांच्या आधाराने, आणि त्या केबली मागाहून संगणकाने पुसल्या. हायवेवर हेलिकॉप्टर पुलाखालून जातं ते मात्र सोळा आणे खरं. कॅमेऱ्यावरच्या माणसांनी तो शॉट घ्यायला नकार दिला, तेव्हा कॅमेरॉनने स्वतः कॅमेरा हातात घेतला.

आवाजाबद्दल फार कोणी बोलत नाही, आणि निम्मी जादू तिथेच आहे. टी-१००० गजांतून सरकतो त्या वेळचा ओला, चिकट आवाज म्हणजे डब्यातून हळूहळू घसरणारं कुत्र्याचं खाणं. त्याच्या अंगात गोळी रुतते तो 'पच्च' आवाज उपडा ग्लास दह्यात आपटून काढलेला. रूप बदलताना येणारी बुडबुड म्हणजे पीठ आणि पाणी कालवून त्यात हवेचा फवारा सोडलेला. ही ध्वनिरचनाकार गॅरी रायडस्ट्रॉमची कामगिरी. संगीतकार ब्रॅड फिडेलच्या संगीतातला घणाचा ठोका तर पहिल्या भागापासूनचा, मूळ बिडाच्या तव्यावर हाणून घेतलेला. एकदा साधे स्पीकर बंद करून चांगल्या हेडफोनवर ऐका. खलनायक येण्याआधी पितळी वाद्यांचा खालच्या पट्टीतला घोगरा सूर येतो. तो कानांना आधी कळतो, डोळ्यांना मागून. या सिनेमाला चार ऑस्कर मिळाली, त्यात ध्वनी आणि ध्वनिपरिणाम ही दोन आहेत, ती उगाच नव्हेत.

खटकण्यासारखंही आहे. पहिल्या भागाने सांगितलं, की कालयंत्रातून फक्त जिवंत मांस किंवा मांसाने मढवलेली वस्तू जाते. मग निव्वळ धातूचा टी-१००० आला कसा? उत्तर नाही. साराचा मुलगा जॉन याच्या छोट्या मोटरसायकलला फोर-स्ट्रोक इंजिन आहे, पडद्यावर मात्र टू-स्ट्रोकची पिरपिर ऐकू येते. गाड्यांचा कान असलेल्याला हे दर वेळी टोचणार. वाळवंटातला मधला भाग रेंगाळतो, आणि टर्मिनेटरला बोलीभाषा शिकवण्याचे विनोद आता बरेच विटले आहेत. लिंडा हॅमिल्टन समोर असली की हे सगळं माफ. पलंग उभा करून पुल-अप्स काढणारी ही सारा पहिल्या भागातल्या वेट्रेसची उरलेली राख आहे. निष्पाप संगणकतज्ज्ञ डायसनवर बंदूक रोखून ती कोसळते, तेव्हा खरी यंत्रवत कोण झाली होती हे बोलून दाखवावं लागत नाही.

कुठली आवृत्ती बघावी? पहिल्यांदा बघत असाल तर १३७ मिनिटांची मूळचीच. तिच्यात वेग आहे. ट्रेलर मात्र टाळा, कारण दोन टर्मिनेटरांपैकी रक्षक कोणता हे सिनेमा जवळजवळ अर्धा तास झाकून ठेवतो आणि ट्रेलरने ते तेव्हाच फोडलं होतं. दुसऱ्यांदा 'स्पेशल एडिशन' घ्या. ती साधारण पंधरा मिनिटांनी मोठी. चिपचा प्रसंग तिच्यातच आहे. शिवाय द्रव नायट्रोजनमध्ये गोठून फुटल्यावर टी-१००० बिघडलेला असतो. कठड्याला हात लावला की हातावर कठड्याचे पिवळे-काळे पट्टे उमटतात, पाय जमिनीत मिसळू लागतात. खोटी सारा जॉन त्या पायांवरूनच ओळखतो. मूळ आवृत्तीत हा दुवाच गळाला आहे.

डिस्क घेताना एक सांभाळा. २०१७ च्या थ्रीडी पुनर्प्रदर्शनासाठी तयार केलेल्या प्रतीवरून जी ४के डिस्क निघाली, तिच्यात फिल्मचा दाणा (चित्रातला बारीक रवाळपणा) इतका घासून काढला आहे की माणसांचे चेहरे मेणाचे दिसतात. नाल्यातल्या उडीत स्टंटमॅनचा चेहरा पुसून तिथे श्वार्झनेगरचाही बसवला आहे. आकडा ४के असला तरी जुनी ब्लू-रे बघा. तिच्यात लिंडाच्या कपाळावरचा घाम घामासारखा दिसतो.