वन बीएचके भाड्याने: अठरा महिने आणि दोन भाडेकरूंनंतरचा हिशेब

पुणे महापालिकेच्या हद्दीतला, सोसायटीतला वन बीएचके. किंमत ५५ लाख, भाडं महिना १८ हजार, डिपॉझिट ५४ हजार. पहिला भाडेकरू अकरा महिने राहिला, मग एक महिना कुलूप, आता दुसऱ्याचा सहावा महिना चालू आहे. भाड्यासाठी पहिलंच घर घेणाऱ्यांनी आकडे कसे मांडावेत आणि कुठे जपावं, ते ह्या घराच्या आधाराने लिहीत आहे.

घर दाखवताना भाडं गुणिले बारा भागिले किंमत असं गणित ऐकवतात. ते जवळजवळ ४ टक्के येतं, पण ते खरं नाही. किमतीत आधी ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी मिळवा. घर पडलं ५९ लाख १५ हजारांना. आता वर्षाचं भाडं: एक महिना घर रिकामं राहणारच असं धरून ११ महिन्यांचे १ लाख ९८ हजार. त्यातून मेंटेनन्स ३० हजार, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) २,४००, मालमत्ता कर ९ हजार, एजंटला पंधरा दिवसांचं भाडं म्हणजे ९ हजार, रंग आणि दुरुस्ती १५ हजार, कराराचा खर्च २ हजार. हाती उरतात १ लाख ३० हजार ६००, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहूनही थोडे कमीच. किंमत वाढेल ती वेगळी, पण ती घर विकल्यावरच दिसते.

कर्ज काढून घेणाऱ्यांनी तर इथेच थांबून विचार करावा. ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता साधारण ३४,७०० रुपये. भाड्यातून त्याचा निम्मा भाग कसाबसा निघतो. व्याजामुळे घरभाड्यात दिसणारा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होतो तो फक्त जुन्या करपद्धतीत, आणि तोही वर्षाला २ लाखांपर्यंतच. नवी करपद्धत निवडली असेल तर ही वजावट मिळत नाही. भाड्यावरची ३० टक्के सरसकट वजावट मात्र दोन्हीकडे आहे, आणि तिला बिलं जपावी लागत नाहीत.

मालमत्ता कराचं नवख्यांच्या लक्षात येत नाही. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती सवलत जाते. आधीच्या मालकाचं सवलतीचं बिल बघून हिशेब मांडू नका. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसला मर्यादा आहे: सेवाशुल्काच्या १० टक्के, २००१ सालच्या शासन आदेशाप्रमाणे. सेवाशुल्क म्हणजे मेंटेनन्सच्या बिलाची सगळी बेरीज नव्हे. ह्या घरात ते २,५०० पैकी २,००० आहे, म्हणून महिना २०० रुपये. सोसायटी जास्त मागत असेल तर बिलाची फोड मागून घ्या.

करार. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' हे सर्रास ऐकू येतं, आणि महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. उलट सिद्ध करणं मालकावर येतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वाचतं किती? मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज, ह्याच्या पाव टक्का: इथे साधारण ५०० रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. अंगठे घेणारं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, अर्ध्या तासात काम उरकतं. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं. तेव्हा हाच नोंदणीकृत करार हातात लागतो. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवा, आणि त्या नोंदीची व कराराची प्रत सोसायटीला द्या.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसा बाथरूम खातं. फरशीच्या सांध्यांत बिल्डरने व्हाइट सिमेंट भरलेलं असतं, ते दोनेक वर्षांत धुऊन जातं. पाणी फरशीखाली उतरतं, नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमचं पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेने झिरपतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. तेव्हा भाडेकरू घरात, खालचे शेजारी दारात, आणि फरशी फोडायची वेळ. घर रिकामं असतानाच सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (पाणी न झिरपू देणारं सांधे भरायचं मिश्रण) भरून घ्या, ट्रॅपच्या भोवती विशेषतः. भरल्यावर किमान एक दिवस पाणी टाकू नका.

दुसरा त्रास गीझरचा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर बसतो, पाणी उशिरा तापतं आणि थर्मोस्टॅट सारखा कट होतो. इलेक्ट्रिशियन लगेच नवी कॉइल सुचवतो. आधी कॉइल बाहेर काढून थर बघायला सांगा. बरेचदा नुसत्या सफाईने काम भागतं. त्याच वेळी टाकीला गंजापासून वाचवणारा आतला मॅग्नेशियम रॉड झिजलाय का तेही बघून घ्या. वर्षातून एकदा हे केलं तर टाकी टिकते.

ताबा देताना आणि घेताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो, प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे फोटो, पंखे-गीझर-चाव्यांची यादी आणि त्यावर दोघांच्या सह्या. पहिल्या भाडेकरूच्या वेळी यादी होती पण भिंतींचे फोटो नव्हते, आणि डिपॉझिट परत करताना नेमका भिंतींवरच्या खिळ्यांवरून वाद झाला. रंगाचे किती कापायचे ते करारातच आकड्यात लिहा.

पुढचा करार अकरा महिन्यांऐवजी चोवीस महिन्यांचा करायचा आहे. बाराव्या महिन्यानंतर पाच टक्के वाढ, सहा महिने लॉक-इन (तेवढ्या काळात करार मोडता येत नाही), नंतर एक महिन्याची नोटीस. मुद्रांक शुल्क साधारण १,१३० रुपये पडतं, आणि नोंदणी फी व एजंट दोन्ही एकदाच द्यावे लागतात.