वणव्याच्या धोका-पातळीचं प्रशिक्षण: सभागृहात उरकायचं, की वनपरिक्षेत्राच्या कार्यालयात बसून आगींची नोंदवही उघडायची?

उपग्रहाचा मेसेज आग लागल्यावर येतो आणि धोक्याची पातळी आग लागण्याआधी हातात असते, हा फरक ज्यांना नव्यानं सांगावा लागत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. पातळी ठरवायची सुधारित पद्धत घ्यायची हे ठरलं की पुढचा प्रश्न पैशांचा आणि वेळेचा असतो. वनविभाग, ग्रामपंचायती, अग्निशमन दल आणि आमच्यासारखे स्वयंसेवी गट, या सगळ्यांच्या ती अंगवळणी पाडायची कशी? दोन्ही वाटांनी आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात प्रशिक्षण करून पाहिलं आहे. दोन्हींना परदेशात चांगले दाखलेही आहेत.

पहिली वाट ऑस्ट्रेलियाची. १ सप्टेंबर २०२२ ला त्यांनी देशभर एकाच दिवशी नवी पद्धत सुरू केली. आधीच्या सहा पातळ्यांच्या चार झाल्या आणि प्रत्येक पातळीला 'आता काय करायचं' याचं एकच वाक्य जोडलं. मागचं गणित मात्र वाढलं. पूर्वी जंगल आणि गवत असे दोनच हिशेब होते, आता आठ प्रकारच्या वनस्पतींचे वेगळे हिशेब आहेत. त्यातून एक निर्देशांक निघतो. तो १२ वर गेला की पहिली पातळी, २४ ला दुसरी, ५० ला तिसरी आणि १०० ला शेवटची, मग राज्य कुठलंही असो. शिकवायला हे फार सोयीचं आहे. हॉल घ्या, सगळ्या खात्यांची माणसं बोलवा, चार रंग आणि चार वाक्यं समजावा. संध्याकाळी सगळे एकच भाषा बोलायला लागतात.

दुसरी वाट अमेरिकेची. धोका-पातळी ठरवायच्या पद्धतीच्या २०१६ च्या आवृत्तीत त्यांनी इंधनाचे, म्हणजे जळणाऱ्या गवत-पाल्याचे, चाळीस नमुने पाचावर आणले. पूर्वी दुपारी एकच्या सुमाराची एक नोंद आणि आभाळ कसं आहे हे कुणीतरी हातानं भरायचं, तेही गेलं. आता स्वयंचलित केंद्रावरून दर तासाला आकडे येतात. पण 'किती म्हणजे जास्त' हे प्रत्येक भागानं आपल्या जुन्या हवामानावरून आणि आगींच्या नोंदींवरून स्वतः ठरवायचं, ही जबाबदारी तशीच ठेवली. त्यामुळे तिथल्या प्रशिक्षणात गृहपाठ असतो, आकडेमोड असते आणि शेवटी स्थानिक आराखडा लिहावा लागतो. आपल्याकडे ही वाट म्हणजे परिक्षेत्रात बसून नोंदवही उघडणं. कंटाळवाणं आहे, हे मान्य.

खर्च, दिवस, माणसं, सगळ्यात सभागृह स्वस्त पडतं. तरी माझं मत फिरलं ते एका गोष्टीमुळे.

सभागृहातलं प्रशिक्षण घ्यायला बाहेरची मंडळी आली होती. उत्तम बोलणारी. जाताना त्यांनी रंगांचा तक्ता दिला आणि रोजची पातळी मोबाईलवर येऊ लागली. होळी झाली आणि तक्ता तांबडा झाला. तो पहिल्या वळवापर्यंत तांबडाच राहिला. पहिल्या आठवड्यात वनमजुरांना संध्याकाळीही थांबवून घेतलं, आग विझवायचे ब्लोअर गाडीत भरून ठेवले. दोन-तीन आठवड्यांनी मेसेज कुणी उघडेना. एका वनरक्षकाला विचारलं, तर तो म्हणाला, "रोजच तांबडं असतंय की ओ. बघायचं कशाला?"

त्याला उत्तर देता आलं नाही, कारण त्याचंच बरोबर होतं. तक्त्यातल्या मर्यादा आपल्या मातीतल्या नव्हत्या. मसाई पठारावरचं गवत जानेवारीपर्यंत वाळून कडक होतं. त्यानंतर अधूनमधून पाऊस पडून पातळी खाली येईल अशी सोय आपल्याकडे जवळपास नाहीच. मार्चचे सगळे दिवस वाईटच असतात; कामाचा प्रश्न असतो, त्यातला आजचा दिवस किती वाईट? तो फरक दुपारचा वारा आणि हवेतला ओलावा करतात. त्यासाठी आपल्याच मार्च-एप्रिलचे दिवस एकमेकांशी तोलावे लागतात. अमेरिकेत बहुधा शंभरातले सगळ्यात वाईट दहा आणि सगळ्यात वाईट तीन दिवस, अशा रेघा ओढतात. तशा ओढल्या की तांबडा रंग क्वचित येतो, आणि आला की माणूस फोन उघडतो.

वनपरिक्षेत्र कार्यालयात टेबलावर आगीची नोंदवही उघडली की आणखी एक गंमत कळते. आमच्याकडे आगींची संख्या हवामानाबरोबर फारशी हलत नाही. ती बांध पेटवण्याबरोबर, पाचट जाळण्याबरोबर, रविवारच्या फिरस्त्यांबरोबर, यात्रेबरोबर हलते. म्हणजे पातळी आग कधी लागेल ते सांगत नाही. लागलीच तर ती जाळरेषेला, म्हणजे आग अडवायला आधीच गवत काढून ठेवलेल्या पट्ट्याला, थांबेल का, एवढंच सांगते. नोंदवहीत 'आग विझल्याची वेळ' हा रकाना बहुतेक कोरा होता, नाहीतर नुसतं 'सायंकाळी'. मग वनरक्षक आठवून सांगायला लागले: या दिवशी आगीनं जाळरेषा ओलांडली, त्या दिवशी ती झाडूनंच विझली. पेन्सिलीनं रकाने भरत गेलो तसे रेघेच्या वरचे दिवस आणि त्यांच्या आठवणीतले दिवस बऱ्यापैकी जुळायला लागले. सभागृहात कितीही स्लाइड दाखवल्या तरी हा विश्वास येत नाही, असं मला वाटतं. मोजमाप म्हणून हे कच्चं आहे, हेही खरं.

हवामानाचं केंद्र कुठलं धरायचं, हा वादही टेबलावरच सुटतो. शिरोळचा आणि गगनबावड्याचा पाऊस यांत कित्येक पटींचा फरक, शिवाय घाटमाथ्यावर दुपारनंतर कोकणातून दमट वारं चढतं. कोल्हापूर शहरातला आकडा घाटमाथ्यावरच्या दाजीपूरला लावला तर वनपालच हसतात. अमेरिकन पद्धतीतही सगळं जसंच्या तसं घेण्यासारखं नाही. हिरव्या पाल्यातला ओलावा ती किमान तापमान, दिवसाची लांबी आणि हवेचा कोरडेपणा यांवरून काढते. आपल्याकडे थंडी तेवढी पडत नाही, डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. उरतो फक्त कोरडेपणा. परिक्षेत्रातल्या माणसाला हे दोन वाक्यांत पटतं.

सभागृहाची बाजू अगदीच लंगडी नाही. सरपंच, पोलिसपाटील, ट्रेक नेणारे गट यांना टक्केवारीत रस नसतो आणि नसावा. त्यांना चार रंग आणि चार वाक्यंच द्यावीत. राज्यभर एका तारखेला बदल करायचा असेल तर सभागृहाला पर्याय दिसत नाही. आणि ज्या परिक्षेत्रात जुन्या नोंदी फाटक्या आहेत किंवा माहितगार माणसाची नुकतीच बदली झाली आहे, तिथे नोंदवहीची वाट रखडते.

पण निधी एकाच प्रकाराला पुरणार असेल, तर मी तो एका परिक्षेत्राच्या टेबलावर घालवीन आणि तिथे ठरलेल्या मर्यादा घेऊन मग गावोगावच्या बैठका करीन. त्यासाठी जुन्या नोंदवह्या आणि जवळच्या हवामान केंद्राचे आकडे डिसेंबरातच मागून ठेवावेत. फेब्रुवारीत जाळरेषा काढायचं काम सुरू असतं, तेव्हा आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेब टेबलाशी सापडत नाहीत.