कन्व्हर्टरचे तीनशे वाचवायला गेलो आणि…

माझा डेस्कटॉप २०१२ चा. एच६१ मदरबोर्ड, आय३-२१२० प्रोसेसर, चार जीबी रॅम. नवा घ्यायची ऐपत नाही आणि हप्ते नकोत, म्हणून दोन वर्षं थोडं थोडं करत आलो. आधी २४० जीबीची एसएसडी टाकली. या बोर्डावर डिस्क जोडायचा जुना, कमी वेगाचा साटा-२ पोर्ट असल्यामुळे तिचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी विंडोज सुरू व्हायला लागणारी तीन मिनिटं वीस सेकंदांवर आली. मग चार जीबीची आणखी एक डीडीआर३ पट्टी. मग बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून जुना आय५-३४७० प्रोसेसर. प्रत्येक वेळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं आणि प्रत्येक वेळी माल चांगला निघाला. त्यामुळे आपल्याला बाजार कळतो असा माझा समज झाला. नडला तो तिथेच.

पुतण्याला ब्लेंडर हे थ्री-डी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकायचं होतं, म्हणून ग्राफिक्स कार्ड. जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबी हे आधीच ठरवलेलं. जुनं कार्ड सगळे साडेपाच-सहा हजार सांगत होते. एका गाळ्यात मात्र चार हजार दोनशे, आणि तेही नव्या कोऱ्या डब्यात. डब्यावरचं कंपनीचं नाव मी आजवर ऐकलेलं नव्हतं. कार्डाला मागे निळा व्हीजीए पोर्ट होता, म्हणजे मॉनिटरच्या जुन्या ॲनालॉग वायरीचा. माझा मॉनिटर जुना, त्याला व्हीजीएच लागतं. गाळ्यातला पोरगा म्हणाला, "काका, डायरेक्ट लागेल. कन्व्हर्टरचे तीनशे वाचले तुमचे."

मी खूश!

खरं तर तो निळा पोर्ट दिसला तेव्हाच मी मागे फिरायला हवं होतं. १०५० टीआय हे २०१६ चं, पास्कल पिढीचं कार्ड. ही चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्या पिढीपासून ॲनालॉग सिग्नल काढूनच टाकला, त्यामुळे चिपमधून थेट व्हीजीए निघणारच नाही. ही गोष्ट मला नंतर कळली.

पोरग्याने कार्ड लावून दाखवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव आलं, चार जीबी दिसलं. गेम लावून दाखव म्हटलं तर म्हणाला, "इथे इन्स्टॉल नाही." कार्डाला वीज द्यायला सहा पिनची वायर लागत होती, ती माझ्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) नाही, तर त्याने जुन्या चार पिनच्या मोलेक्स वायरीवर बसणारा जोड फुकट दिला. १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड, बहुतेक मॉडेलं बोर्डाच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवरच चालतात; हेही तेव्हा डोक्यात आलं नाही. एक पेनड्राइव्ह हातात देऊन बजावलं, "ड्रायव्हर हाच टाका. ऑनलाइन अपडेट करू नका, प्रॉब्लेम येतो." बिलाचं विचारलं तर म्हणाला, जीएसटी बिल हवं तर १८ टक्के वर. साडेसातशे वाचवायचे म्हणून मी कच्ची पावती घेतली. पावतीवर फक्त "ग्रा. कार्ड १ नग, टेस्टिंग वॉरंटी". किती दिवसांची, ते नाही. पैसे फोनवरून दिले, तेही दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी खाजगी नावावर गेले.

घरी पहिले दोन दिवस बरे गेले. म्हणजे डेस्कटॉप दिसत होता. गेम लावला की स्लाइड शो, आणि पंखा असा ओरडायचा की आई आतून विचारायची, मिक्सर चालू राहिला का? ब्लेंडर उघडलं की बंद पडायचं. शेवटी मी एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून टाकला. स्क्रीन काळी.

पुतण्याने जीपीयू-झेड चालवलं. ते कार्डाची आतली माहिती दाखवणारं छोटंसं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. नावाच्या आधीच चौकटी कंसात 'फेक' असं लिहून आलं. खाली चिप जीएफ११६, ४० नॅनोमीटर, १९२ शेडर (चित्राची गणितं करणारे चिपमधले छोटे भाग). खऱ्या १०५० टीआयला जीपी१०७ चिप, १४ नॅनोमीटर, ७६८ शेडर. म्हणजे माझ्या हातात होतं ते २०११ चं, जीटीएक्स ५५० टीआयच्या जातीचं कार्ड. त्याचं बायोस बदलून खोटं नाव आणि खोटी मेमरी भरलेली. विंडोज तेच नाव वाचतं, म्हणून डिव्हाइस मॅनेजरवर विश्वास ठेवायचा नाही. जीपीयू-झेड पेनड्राइव्हमध्ये घालून न्या आणि दुकानातच चालवा. चालवू देत नसेल तर चहा पिऊन घरी या.

चौथ्या दिवशी ग्रँट रोडला उतरून गाळ्यात गेलो. तो पोरगा नव्हता. काउंटरवरच्या माणसाने पावती उलटसुलट पाहिली. "यात १०५० कुठे लिहिलंय?" खरंच लिहिलेलं नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा.

चार महिन्यांनी डोंबिवलीत एक सायबर कॅफे बंद होत होता. तिथे चालू मशीनवर जीपीयू-झेड लावून, अर्धा तास गेम खेळून पाचेक हजारांत खरं १०५० टीआय घेतलं. मागे व्हीजीए नाही. कन्व्हर्टर साडेतीनशेला पडला.