हिल्डीन, व्हरमाँट: बंगल्याआधी रेल्वेचा डबा बघा

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मँचेस्टर गावातलं हिल्डीन लोक 'लिंकनचं घर' म्हणून बघायला जातात. अब्राहम लिंकन इथे कधीच राहिले नाहीत. बंगला त्यांच्या थोरल्या मुलाचा, रॉबर्टचा, १९०५ मध्ये बांधून झालेला. रॉबर्ट शिकागोतला बडा वकील, रेल्वेचे झोपायचे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीचा कायदा सल्लागार आणि १८९७ मध्ये तिचा मालक जॉर्ज पुलमन वारल्यावर त्याच कंपनीचा प्रमुख. मँचेस्टरशी त्याची ओळख तरुणपणापासूनची, शिवाय वकिलीतला भागीदार आयशम याचंही घर याच गावात होतं.

बंगला उत्तम राखलाय. हजारेक नळ्यांचा एओलियन ऑर्गन, अब्राहम लिंकनची उंच टोपी, मागची बाग, सगळं नीटनेटकं. पण एवढं बघून रॉबर्ट सुखवस्तू गृहस्थ वाटतो, त्याच्या धंद्याचा पत्ता लागत नाही. तो लागतो आवारातच ठेवलेल्या 'सनबीम' या पुलमन डब्यात. म्हणून आधी डबा, मग बंगला.

डबा लाकडी, १८८८ चा. १९०३ मध्ये बड्या लोकांना भाड्याने देण्यासाठी नव्याने सजवलेला. आज त्याच रूपात आहे. लाकूडकाम बघून भारावून जाण्याआधी धंदा समजून घ्या. पुलमन कंपनी डबे बांधायची, पण विकण्यापेक्षा स्वतःकडेच ठेवून करारावर रेल्वे कंपन्यांच्या गाड्यांना जोडायची. प्रवासी रेल्वेचं तिकीट काढायचा आणि वर झोपायच्या जागेचे वेगळे पैसे पुलमनला द्यायचा. म्हणजे सगळा डोलारा करारांवर उभा, आणि तिथे वकीलच हवा. रॉबर्टच्या काळातच वॅग्नर ही प्रतिस्पर्धी कंपनी पुलमनने घेतली. १८९८ मध्ये इलिनॉय सुप्रीम कोर्टाने कंपनीला तिच्या कामगार वसाहतीतली, कारखान्याला न लागणारी मालमत्ता विकायला लावली. ती निस्तरणंही त्याच्याच वाट्याला आलं.

डब्याच्या प्रदर्शनाची जमेची बाजू म्हणजे ते पोर्टरांना विसरत नाही. बिछाने घालणारे, बूट पुसणारे हे कृष्णवर्णीय कामगार. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणत, मालकाच्या नावावरून. १९१५ मध्ये सरकारी आयोगासमोर रॉबर्टला याच पोर्टरांच्या पगाराबद्दल उत्तरं द्यावी लागली: महिना २७.५० डॉलर, बाकी टिप. बुटांचं पॉलिशही पोर्टरने पदरच्या पैशाने आणायचं. गुलामगिरी संपवणाऱ्याच्या मुलाची ही बाजू इथे झाकलेली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. वकिलीचा भाग मात्र तोकडा वाटतो. 'आयशम अँड लिंकन' या त्याच्या वकिली फर्मचं नाव येतं, कामाची कल्पना येत नाही.

जायचं कसं? रेल्वेच्या डब्यांवर श्रीमंत झालेल्या माणसाच्या गावात आज प्रवासी रेल्वे नाही. अॅमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वेचं सर्वात सोयीचं स्टेशन रटलंड, तिथून पुढे सुमारे ३० मैल. न्यू यॉर्ककडून गाडीने साधारण चार तास धरा. चारशेहून अधिक एकरांचं आवार आहे, पायांत चालायचे बूट हवेत. बागेतली पिओनीची फुलं जूनमध्ये फुलतात. त्याच दिवसांत गेलात तर बागेला तासभर वेगळा काढा. घाईत दीड तासात सगळं उरकायला गेलात तर डबाच राहतो, कारण तो बंगल्यापासून वेगळ्या जागी उभा आहे. हिवाळ्यात निघण्याआधी वेळा तपासून घ्या.